ट्रॅकबाहेरचा हिशेब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मोटर रेसिंगबद्दल प्रश्न मागवले होते. गाड्यांच्या वेगाबद्दल जेमतेम दोन-चार पत्रं आली. बाकी सगळी पैसा, भांडणं आणि ‘हे असं खपवून कसं घेतात?’ या धर्तीची. पुणेकर वाचक म्हटल्यावर नवल नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी सीए आहे. २०२१ मध्ये फॉर्म्युला वनच्या रेड बुल संघानं खर्चाची मर्यादा ओलांडली, तरी त्यांच्या व्हेरस्टॅपेनचं विजेतेपद शाबूत राहिलं. हिशेबात नेमकं काय निघालं होतं? – निगडी

आकडेच देतो, म्हणजे तुम्हाला ताळा करता येईल. २०२१ साठी मूळ मर्यादा होती १४ कोटी ५० लाख डॉलर. नियमातली समायोजनं धरून रेड बुलला लागू झालेली रक्कम ११ कोटी ८० लाख ३६ हजार पौंड. संघानं दाखवलेला खर्च ११ कोटी ४२ लाख ९३ हजार, म्हणजे मर्यादेच्या बऱ्यापैकी आत. खेळाची नियामक संस्था एफआयए, तिच्या तपासनिसांनी मात्र १३ बाबी काढल्या, ज्या चुकीच्या वगळल्या होत्या किंवा कमी दाखवल्या होत्या. त्यांची बेरीज ५६ लाख ७ हजार पौंड. वजाबाकी केलीत तर १८ लाख ६४ हजार पौंड जास्त, म्हणजे साधारण १.६ टक्के. ब्रिटनमधली एक करसवलत योग्य रीतीनं दाखवली असती तर हाच आकडा ४ लाख ३२ हजार ६५२ पौंडांवर, म्हणजे ०.३७ टक्क्यांवर आला असता, असं खुद्द एफआयएनंच नोंदवलं.

त्या १३ बाबींत कुठलाही गुप्त पंख किंवा इंजिन नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या जेवणाचा खर्च, मालकानं भरायचा सामाजिक सुरक्षेचा वाटा, आजारपणातलं वेतन, शिकाऊ कामगारांवरचा कर, वापरलेल्या आणि न वापरलेल्या सुट्या भागांचा साठा. ऑडिटला बसलेल्या माणसाला ओळखीची वाटावी अशीच यादी. पण म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. जेवणाचे पैसे मर्यादेबाहेर ढकलले की तेवढेच पैसे नव्या फ्लोअरला, म्हणजे गाडीच्या तळाला, मोकळे होतात.

पाच टक्क्यांच्या आतली ओलांड नियमात ‘किरकोळ’ धरली जाते. त्यातही संघानं चूक कबूल करून समझोता केला तर प्रकरण न्यायपीठासमोर जातच नाही. रेड बुलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये तेच केलं. दंड ७० लाख डॉलर आणि गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासणाऱ्या चाचण्यांत बारा महिन्यांसाठी १० टक्के कपात. दंड त्यांना फारसा जाणवणारा नव्हता. खरी शिक्षा दुसरी. पवनबोगद्यातल्या चाचण्या आदल्या क्रमांकानुसार मिळतात. आठ आठवड्यांच्या एका टप्प्यात १०० टक्के म्हणजे ३२० फेऱ्या, विजेत्याला त्याच्या ७० टक्के, म्हणजे २२४. त्यातून १० टक्के गेले की उरल्या साधारण २०२. तरीही २०२३ मध्ये रेड बुलनं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. शिक्षा बोचली असेल, पण गुणतक्त्यावर ती दिसली नाही.

तुमच्यासाठी आणखी रोचक भाग पुढचा. तेव्हाच्या मर्यादेत ड्रायव्हरचा पगार येत नव्हता, सर्वात जास्त पगाराच्या तीन माणसांचा येत नव्हता, प्रवास आणि मार्केटिंगही येत नव्हतं. इंजिनाची मर्यादा वेगळी. त्यामुळे वरच्या तीन खुर्च्यांचे भाव चढे राहतात आणि चौथ्या क्रमांकाचा हुशार इंजिनिअर संघ सोडतो. शिवाय एकाच आवारात संघाची भगिनी कंपनी असते. कुणी रस्त्यावरची हायपरकार करतं, कुणी शर्यतीची नौका. तिथल्या माणसाला सुचलेली कल्पना फॉर्म्युला वनच्या गाडीवर आली तर तिचा खर्च कुणाच्या वहीत? २०२३ च्या सुरुवातीला एफआयएनं खुलासा केला की तो मर्यादेतच धरायचा. ट्रान्सफर प्रायसिंग (एकाच गटातल्या कंपन्यांमधल्या व्यवहारांचे दर) हाताळलेल्या माणसाला यातल्या पळवाटा सांगायला नकोत. २०२६ पासून मर्यादा २१ कोटी ५० लाख डॉलर झाली आहे. ही वाढ दिसते तेवढी सैल नाही. बाहेर असलेले काही खर्च आत आले आहेत.

लास व्हेगसला २०२५ मध्ये मॅक्लारेन संघाच्या दोन्ही गाड्या बाद झाल्या, तेही मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून. एवढ्याशा फरकानं काय बिघडतं? – भोसरी

भोसरीच्या टूल रूममधून हा प्रश्न यावा! गाडीच्या पोटाखाली एक फळी असते. नवी असताना १० मिमी जाड. शर्यतीनंतर ठरावीक ठिकाणी ९ मिमीपेक्षा कमी भरता कामा नये. १९९४ मध्ये ड्रायव्हर सेन्नाच्या शर्यतीतल्या मृत्यूनंतर ती सक्तीची झाली, कारण गाडी जमिनीला जितकी चिकटून धावेल तितकी खालची हवा तिला जास्त ओढून धरते आणि वळणावरचा वेग वाढतो. फळी झिजते, म्हणून कुणी गाडी फार खाली ठेवू धजत नाही.

त्या रात्री नॉरिसच्या गाडीवर उजवीकडे पुढे ८.८८ आणि मागे ८.९३ मिमी भरले. पियास्त्रीच्या गाडीवर डावीकडे पुढे ८.९६, उजवीकडे पुढे ८.७४ आणि मागे ८.९०. तुमच्याकडचा साधा मायक्रोमीटरही हा फरक दाखवेल. झालं काय, तर सराव विस्कळीत झाला, कारण गटाराचं झाकण सैल निघालं. पात्रता फेरी ओल्या रस्त्यावर झाली. कोरड्या रस्त्यावर, भरल्या टाकीनिशी गाडी किती उसळते याची नीट आकडेवारी हाती नव्हती, आणि गाडी अंदाजापेक्षा जास्त आपटली. पंचांनी मान्य केलं की हे मुद्दाम केलेलं नाही. तरीही नॉरिसचा दुसरा आणि पियास्त्रीचा चौथा क्रमांक गेला. १८ अधिक १२, एकूण ३० गुण.

हे आधीच्या उत्तराशेजारी ठेवून पाहा. ९ मिमीत ०.१२ कमी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास, तर गाडी थेट बाद. हेतू काय होता हे विचारायचंच नाही. पैशात १.६ टक्के जास्त, तर चर्चा, कबुली आणि समझोता. आमच्या मते या खेळातली निम्मी भांडणं याच दुहेरी न्यायातून येतात. मिलिमीटर मोजता येतो आणि शर्यत संपल्यावर दोन-चार तासांत मोजून होतो. खर्च मोजायला पुढच्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडतो, आणि तोवर करंडक कपाटात गेलेला असतो.

संघानं ‘जोडीदाराला पुढे जाऊ दे’ म्हणायचं आणि ड्रायव्हरनं ऐकायचं. मग आम्ही पाहतो ती शर्यत की नाटक? – सदाशिव पेठ

आधी कायदा. १२ मे २००२ ला ऑस्ट्रियात फेरारीच्या बारिकेलोनं शेवटच्या सरळ पट्ट्यात वेग कमी करून जोडीदार शूमाखरला जिंकू दिलं. लोकांनी हुर्यो उडवली. फेरारीला १० लाख डॉलर दंड झाला (निम्मा स्थगित), पण तो आदेशाबद्दल नव्हताच. पारितोषिकाच्या वेळी दोघांनी जागा बदलल्या, त्या शिष्टाचारभंगाबद्दल होता. मग असे आदेश देण्यावर बंदी आली. २०१० मध्ये जर्मनीत फेरारीच्याच मासाला रेडिओवर सांगण्यात आलं की जोडीदार अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगवान आहे, कळलं का? मासाला कळलं, साऱ्या जगालाही कळलं. दंड फक्त १ लाख डॉलर. सांकेतिक भाषा पकडता येत नाही हे मान्य करून २०११ पासून बंदीच उठवली. तेव्हा आज आदेश पूर्ण कायदेशीर आहेत.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर दोन जोडीदारांची अदलाबदल संघाला फुकट पडते. बक्षिसाची वाटणी संघाच्या क्रमांकावर ठरते. दुसरा-तिसरा कोण आला, बेरीज तीच. मग एवढा आटापिटा कशाला? कारण दोन्ही गाड्यांचे इंजिनिअर एकाच टेबलावर बसून टायर, ब्रेक, सेटिंग यांची माहिती वाटून घेतात. एका बाजूला अन्याय वाटला की ही देवाणघेवाण आटते, आणि मग दोन्ही गाड्या मंदावतात.

२०२५ ची मोंझाची शर्यत घ्या. नॉरिस दुसरा, पियास्त्री तिसरा. रिवाज असा की पुढच्याला आधी पिटमध्ये (टायर बदलायच्या जागी) बोलवायचं. इथे मागून येणाऱ्या फेरारीच्या लक्लेअरला अडवायला पियास्त्रीला आधी बोलावलं, आणि त्यामुळे तो नॉरिसच्या पुढे जाणार नाही असं ठरलं. नॉरिसचा थांबा रखडला, ५.९ सेकंद लागले, आणि पियास्त्री पुढे निघाला. संघानं जागा परत द्यायला सांगितलं. मंद थांबा हा शर्यतीचाच भाग असं आपलं ठरलं होतं, एवढं रेडिओवर सुनावून त्यानं जागा दिली. नॉरिसला १५ ऐवजी १८ गुण मिळाले. आता हंगामाचा शेवट पाहा : नॉरिस ४२३, व्हेरस्टॅपेन ४२१, पियास्त्री ४१०. ते तीन गुण काढले तर नॉरिस ४२०. पुढच्या शर्यती तशाच झाल्या असत्या असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण बेरीज बेरीज असते.

समान वागणुकीचा हट्ट उलटा कसा फिरतो तेही त्याच वर्षी कतारमध्ये दिसलं. शर्यत ५७ फेऱ्यांची, आणि टायरचा एक संच २५ फेऱ्यांपेक्षा जास्त वापरायचा नाही असा त्या आठवड्याचा नियम. सातव्या फेरीला सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना मंद गतीनं आपल्या मागे चालवणारी गाडी) आली. उरल्या ५० फेऱ्या, म्हणजे २५ अधिक २५; तिथे थांबलं की उरलेलं गणित आपोआप सुटणार. जवळपास सगळे आत वळले, मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेर राहिल्या. आघाडीवर असलेला पियास्त्री दुसरा आला, नॉरिस चौथा, आणि व्हेरस्टॅपेन जिंकला. दोघांना एकदम बोलावलं असतं तर मागच्याला पिटमध्ये ताटकळावं लागलं असतं, हे खरं. पण अशा वेळी एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवायला जो वाईटपणा घ्यावा लागतो, तो घ्यायची सवय त्या संघाला उरली नव्हती, असं आमचं मत.

अबू धाबी २०२१ चा निकाल नियमाला धरून होता का? एका वाक्यात सांगा. – कोथरूड

प्रक्रिया नियमाला धरून नव्हती, निकाल कायम राहिला. दोन वाक्यं जास्त लागतील : ५८ पैकी ५३ व्या फेरीत लतिफीची गाडी धडकली, सेफ्टी कार आली; एक फेरी मागे पडलेल्या आठ गाड्यांपैकी हॅमिल्टन आणि व्हेरस्टॅपेन यांच्या मधल्या पाचांनाच पुढे सोडलं, आणि नियमातली वाढीव फेरी न घालवता शेवटच्या फेरीसाठी शर्यत सुरू केली; त्या फेरीत व्हेरस्टॅपेन जिंकला आणि विजेतेपद त्याला मिळालं. एफआयएच्या अहवालानं याला मानवी चूक म्हटलं, शर्यत संचालक मासी यांना आधीच हटवलं होतं, आणि नियमात ‘कोणत्याही’ गाड्यांच्या जागी ‘सर्व’ गाड्या असा बदल झाला.

फॉर्म्युला वनमध्ये अँड्रेटींच्या अमेरिकी संघाला नकार आणि जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकला होकार, यात काय गोम होती? – बाणेर

बक्षिसाची रक्कम तेव्हा दहा संघांत वाटली जायची. पंगतीत अकरावं पान मांडायचं तर आधीच्या दहांच्या पानातलं थोडं थोडं काढावं लागणार. म्हणून २०२१ ते २०२५ च्या करारात नव्या संघानं २० कोटी डॉलर भरायचे आणि ते दहा जणांत वाटायचे, असं कलम होतं. ते ठरलं तेव्हा संघांच्या किमती पडलेल्या होत्या. पुढे त्या इतक्या चढल्या की २० कोटी कुणालाच पुरेसे वाटेनात. एफआयएनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रेटींना हिरवा कंदील दिला; व्यावसायिक हक्क लिबर्टी मीडियाच्या हातात, त्यांनी ३१ जानेवारी २०२४ ला नकार कळवला. नंतर जनरल मोटर्स स्वतः पुढे आली, स्वतःचं इंजिन बनवायचं तिनं कबूल केलं, आणि २०२६ पासून कॅडिलॅक आत. प्रवेशमूल्य ४५ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. खेळाचे नियम एका संस्थेकडे आणि पैसा दुसरीकडे, ही रचना समजली की असे नकार-होकार कळायला सोपे जातात.

केटीएम दिवाळखोरीत असताना मोटोजीपीत (बाइक शर्यतींत) कशी धावत होती? आणि ते पैसे आपल्या आकुर्डीतून, म्हणजे बजाजकडून, गेले का? आम्ही चाकणचे व्हेंडर, म्हणून विचारतो. – चाकण

तुमची धाकधूक समजते. कोर्टात गेली ती ऑस्ट्रियातली केटीएम एजी, २९ नोव्हेंबर २०२४ ला. चाकणला बनणाऱ्या केटीएम बजाज ऑटोच्या, तिथल्या व्हेंडरची बिलंही बजाजकडेच. ती या प्रकरणात अडकली नाहीत. तिकडे मूळ दुखणं न विकल्या गेलेल्या बाइकच्या साठ्याचं. उत्पादन चालू, मागणी मंद, आणि गोदामात अडकलेला पैसा कर्जाचा.

तिथल्या कायद्यात व्यवस्थापन जागेवर ठेवून, देखरेखीखाली पुनर्रचना करता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्यांची कंपनीकडे येणी होती त्यांनी ३० टक्क्यांवर होकार दिला, म्हणजे १०० युरोच्या बिलामागे ३० हातात, बाकी सोडून द्यायचे. त्यासाठी ५४ कोटी ८० लाख युरो मे अखेरच्या आत जमा करणं भाग होतं. बजाजनं नेदरलँड्समधल्या उपकंपनीमार्फत एकूण ८० कोटी युरोंची सोय केली, त्यातले २० कोटी आधीच दिलेले. २००७ मध्ये १४.५ टक्क्यांनी सुरू झालेली भागीदारी नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण नियंत्रणापर्यंत पोहोचली; मूळ कंपनीचं नाव आता बजाज मोबिलिटी एजी.

रेसिंग का बंद केलं नाही? बाइक विकली जाते ती शर्यतीच्या नावावर, आणि मोटोजीपीशी अनेक वर्षांचा करार होता. ज्या कंपनीला गिऱ्हाइकापुढे जिवंत दिसायचं आहे तिनं नारिंगी बाइक ट्रॅकवरून काढणं म्हणजे स्वतःच शटर ओढून घेणं. व्हेंडर म्हणून तुम्ही मात्र एवढं टिपून ठेवा की त्या ऑस्ट्रियन पुरवठादारांच्या ७० टक्के बिलांवर पाणी फिरलं तेव्हा शर्यतीच्या बाइक कतार आणि थायलंडला धावतच होत्या.

ग्रेटर नोएडाची शर्यत तीन वर्षांत का गुंडाळली? – औंध

फॉर्म्युला वनची ही शर्यत २०११ ते २०१३ झाली, तिन्ही वेळा वेटेल जिंकला. आयोजक जेपी स्पोर्ट्सचा करार १३ सप्टेंबर २०११ चा, शुल्क ४ कोटी डॉलर. फॉर्म्युला वनच्या धंद्यात टीव्हीचे हक्क, ट्रॅकभोवतीच्या पाट्या, महागडी पाहुणचाराची दालनं, सगळं हक्कधारकाकडे जातं. आयोजकाच्या वाट्याला मुख्यतः तिकीटविक्री. रक्कम तीच धरली तरी ऑक्टोबर २०११ मध्ये ४९ रुपयांच्या डॉलरनं ते होतात १९६ कोटी. ऑक्टोबर २०१३ मध्ये ६२ च्या आसपास, म्हणजे २४८ कोटी. तिकिटांचे भाव त्या प्रमाणात चढवायचे तर स्टँड रिकामे.

वर करांचा गुंता. खेळ की करमणूक, या वादात करमणूक कर आला. पहिल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं तिकिटांच्या उत्पन्नाचे २५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला लावले. दुसरा वाद आयकराचा. ट्रॅकचा ताबा वर्षातून थोडेच दिवस परदेशी कंपनीकडे असतो, तर तो तिचा इथला स्थायी व्यवसाय धरायचा का? एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘हो’ म्हटलं, कारण त्या दिवसांत कोण आत येणार, काय दाखवणार, पैसा कुणाला जाणार, हे सगळं तीच ठरवत होती. पुण्याजवळ ट्रॅक झाला पाहिजे अशी पत्रं दर अंकाला येतात. काँक्रीट ओतणं त्यातलं सोपं काम आहे. हे शुल्क आणि हे कर कोण सोसणार ते आधी सांगा.

नारायण कार्तिकेयनचा चौथा क्रमांक ‘फुकटचा’ होता का? – हडपसर

२००५, इंडियानापोलिस. तेराव्या, तिरक्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकत नव्हते; त्यांच्या १४ गाड्या पाहणी फेरी करून पिटमध्ये शिरल्या, उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा. जॉर्डन संघाचा कार्तिकेयन चौथा आला, पाच गुण मिळाले. फुकटचा म्हणा हवं तर. ७२ फेऱ्या त्यानं चालवल्या, हेही म्हणा.

मुलगी बारा वर्षांची आहे, कार्टिंगमध्ये बरी आहे. पुढे किती खर्च, आणि कुठे फसगत होते? – पिंपळे सौदागर

फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्सला तीन हंगामांत ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूमध्ये पहिल्या तिघांत आलं की ते एकाच वर्षात मिळतात, फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला ३०, फॉर्म्युला फोरच्या विजेत्याला १२. म्हणजे पायऱ्या टाळता येत नाहीत. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाला साधारण २० ते ३० लाख युरो पडतात, म्हणजे २० कोटी रुपयांच्या वर. लायसन्सही फुकट नाही. व्हेरस्टॅपेननं २०२३ साठी ९,६३,८०० युरो भरले : १०,४०० मूळ शुल्क आणि आदल्या वर्षीच्या ४५४ गुणांना प्रत्येकी २,१००.

आता तुमच्यापुरतं. सुरुवात एफएमएससीआयच्या (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) कार्टिंग लायसन्सनं आणि राष्ट्रीय स्पर्धांनी करा. कोल्हापूरचा ट्रॅक पुण्याहून एका दिवसात जमतो. परदेशी संघाकडे जाण्याआधी पैसे बाहेर कसे जाणार ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि वर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो परत मिळेपर्यंत पैसा अडकतो. प्रायोजकाचे पैसे मुलीच्या नावे घ्यायचे की कंपनीच्या, हे आधी सीएकडून ठरवून घ्या.

संघ ‘हंगामाचे इतके’ म्हणून एक गोल आकडा सांगतो. तो घेऊ नका, लेखी फोड मागा. सरावाचे दिवस किती, त्यातले शर्यतीच्याच ट्रॅकवर किती, नव्या टायरचे संच किती (जुन्यावर सराव करून शर्यतीला नवे, ही नेहमीची काटकसर), इंजिन सीलबंद आहे का आणि ते उघडायचा खर्च कुणाचा, मेकॅनिक तिचा एकटीचा की तिघांत एक. अपघाताचं नुकसान बहुतेक करारांत वेगळं असतं. पुढचा पंख, सस्पेन्शनचे दांडे, फ्लोअर यांचे दर परिशिष्टात लिहून घ्या आणि हंगामाची कमाल रक्कम ठरवा. दुसऱ्यानं येऊन धडक दिली तरी बिल तुम्हालाच येतं, हे बऱ्याच पालकांना पहिल्या बिलाच्या वेळी कळतं. संघानं मध्येच माघार घेतली तर उरलेल्या फेऱ्यांचे पैसे किती दिवसांत परत, हेही हवं. आणि प्रत्येक सत्राची डेटा फाइल त्याच संध्याकाळी तुमच्या पेन ड्राइव्हवर मिळाली पाहिजे, शेजारच्या मुलाच्या सर्वात जलद फेरीसकट. कुठल्या वळणावर ती ब्रेक लवकर दाबते ते तिथेच दिसतं, प्रशिक्षकाच्या कौतुकात दिसत नाही.